बॅसिलर धमनीतली गुठळी काढल्यानंतर: हालचाल परत मिळवण्यासाठी घरच्यांनी काय करावे

मेंदूच्या मागच्या बाजूच्या बॅसिलर धमनीत अडकलेली गुठळी निघाली, रक्तपुरवठा पूर्ववत झाला, असे डॉक्टर सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी आयसीयूत जाऊन पाहावे तर रुग्ण हात उचलत नाही, बोलत नाही, कधी कधी नजरही एका जागी ठरत नाही. अशा वेळी ‘मग उपचाराचा उपयोग काय झाला’ हा प्रश्न घरच्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रक्तवाहिनी मोकळी होणे ही काही मिनिटांत घडणारी गोष्ट आहे आणि शरीर पुन्हा हलू लागणे ही काही महिने चालणारी. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढण्याच्या या उपचाराने, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमीने, पुढचे नुकसान थांबते; आधीच मेलेल्या पेशी त्याने जिवंत होत नाहीत. ज्या पेशी मेल्या नाहीत पण रक्त न मिळाल्याने थिजून गेल्या, त्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात, आणि जे त्यानंतरही राहते ते शिल्लक उरलेल्या मज्जामार्गांनी नव्याने शिकावे लागते. या शिकण्यात घरच्यांचा वाटा कोणता, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

अपेक्षा किती ठेवावी, हे आधीच स्पष्ट असलेले बरे. या उपचाराबद्दल चीनमध्ये झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून १२ तासांच्या आत आणि दुसरीत ६ ते २४ तासांच्या दरम्यान आलेले रुग्ण होते. दोन्हींत, गुठळी काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्के तीन महिन्यांनी निदान दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालण्याइतके सुधारले. फक्त औषधे मिळालेल्या रुग्णांत हे प्रमाण २३-२४ टक्के होते. मात्र गुठळी काढूनही साधारण तिघांपैकी एक रुग्ण तीन महिन्यांच्या आत दगावला. आजार गंभीर आहे आणि उपचार खरोखर उपयोगी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरे, पण तीन महिन्यांनी दार बंद होते असे नाही; मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे बॅसिलर धमनी ज्याला रक्त पुरवते त्या मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागाच्या, झटक्यानंतर वर्षभराने आणि त्याहीनंतर नवी हालचाल आलेले रुग्ण पाहायला मिळतात.

आधी अडथळा कोणता ते ओळखावे

नेहमीच्या अर्धांगवायूत मेंदूच्या एका अर्ध्या भागाला इजा होते आणि शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. एक हात आणि एक पाय धडधाकट राहतो आणि बहुतेक व्यायाम त्या धडधाकट बाजूच्या आधारानेच रचलेले असतात. शेजारपाजाऱ्यांचे सल्ले आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ प्रायः याच प्रकारासाठी असतात. मस्तिष्कस्तंभाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पॉन्स नावाच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंच्या हातापायांकडे जाणारे मार्ग जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर रुंदीच्या जागेतून शेजारी-शेजारी खाली उतरतात, आणि तिथेच डोळे व चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूंची केंद्रे व लहान मेंदूकडे जाणारे तंतूही असतात. त्यामुळे छोट्याशा इजेनेही चारही हातपाय दुबळे होऊ शकतात. चेहरा डावीकडचा आणि हातपाय उजवीकडचे, असा उलटसुलट प्रकार दिसू शकतो. किंवा ताकद बरीच शाबूत असूनही हात तोंडाऐवजी गालावर जाऊ शकतो.

माझ्या अनुभवात घरी केलेल्या मेहनतीपैकी सर्वांत जास्त मेहनत वाया जाते ती इथे. रुग्णाला उभे राहता येत नाही, एवढे पाहून सगळेजण पायांची ताकद वाढवायला लागतात. पण उभे राहता न येण्याची कारणे निदान चार असू शकतात. एकाचे गुडघे वजन पेलत नाहीत. ही ताकदीची उणीव. दुसऱ्याचे पाय पलंगावर जोरात लाथ मारू शकतात, पण उभे केल्यावर धड डोलते आणि पाय भलतीकडे पडतात. हा लहान मेंदूच्या जोडणीचा, म्हणजे समन्वयाचा दोष. तिसऱ्याला उठवताच रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. चौथ्याला समोरच्या एका खिडकीच्या दोन दिसतात आणि जमीन सरकल्यासारखी वाटते, म्हणून तो भीतीने अंग आखडून घेतो. पहिल्याला जे द्यायचे ते दुसऱ्याला दिले तर फारसा फायदा होत नाही, आणि तिसऱ्याला दिले तर तो पडतो. म्हणून फिजिओथेरपिस्टला पहिल्याच आठवड्यात स्पष्टपणे विचारावे: यांच्या हालचालीच्या आड सध्या मुख्यतः काय येत आहे? उत्तर लिहून ठेवावे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारावे, कारण अडथळा बदलत जातो. ताकद परत आली की तिच्याआड दडलेला तोलाचा दोष उघडा पडतो, आणि घरच्यांना तो ‘तब्येत पुन्हा बिघडली’ असा भासतो.

ताकद मोजण्याची डॉक्टरांची पट्टी शून्य ते पाच अशी असते. नुसता स्नायू थरथरला तर एक, हात किंवा पाय पलंगावर घसरवत हलवता आला तर दोन, आणि त्याच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध वर उचलता आला तर तीन. फाइलमधले हे आकडे समजून घेतले तर ‘काहीच फरक नाही’ असे वाटणाऱ्या आठवड्यांतही एकाचे दोन झालेले दिसतात.

रुग्णालयातले दिवस

पहिल्या २४ तासांत रुग्णाला घाईने उठवण्याचा आग्रह घरच्यांनी धरू नये. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या २१०४ रुग्णांच्या एका चाचणीत, पहिल्याच दिवसापासून वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा थोडी वाईटच आढळली. कधी उठवायचे हे रक्तदाब, श्वास आणि नळी घातलेल्या जागेची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील.

उठवायचे नाही याचा अर्थ काहीच करायचे नाही असा होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा गादीला टेकून राहू नयेत म्हणून पोटरीखाली पातळ उशी द्यावी, आणि पाऊल खाली लोंबत न राहता सरळ राहील असे पाहावे. दुबळा हात नेहमी उशीवर ठेवावा. रुग्णाला वर सरकवताना दोघांनी अंगाखालची चादर धरून सरकवावे. काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नये. लुळ्या खांद्याचा सांधा फक्त सैल पडलेल्या स्नायूंच्या भरवशावर असतो, आणि एका ओढीत निखळलेला खांदा पुढचे कित्येक महिने दुखत राहून सगळे व्यायाम अडवतो. रात्रपाळीला येणाऱ्या मावशींना किंवा ब्रदरना ही एक गोष्ट रोज सांगावी लागली तरी सांगावी.

बसवण्याची परवानगी मिळाल्यावर पलंगाचे डोके टप्प्याटप्प्याने वर घ्यावे: आधी ३० अंश, मग ४५, मग ६०, आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबून रक्तदाब व चेहरा पाहावा. जांभया येऊ लागल्या, ओठ पांढरे पडले किंवा घाम फुटला, तर एक टप्पा खाली यावे आणि नर्सला बोलवावे.

आता सर्वांत नाजूक बाब. पॉन्सच्या पुढच्या भागाची मोठी इजा असेल तर रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, सारे ऐकतो, सारे समजतो. पण हातपाय, चेहरा आणि वाचा काहीच हलत नाही. वैद्यकीय भाषेत याला ‘लॉक्ड-इन’ अवस्था म्हणतात आणि हे नाव १९६६ मध्ये रूढ झाले. या अवस्थेतही डोळे वर-खाली करणे आणि पापणी मिटणे बहुधा शाबूत असते. म्हणून ‘बेशुद्ध आहेत’ असे गृहीत धरण्यापूर्वी जवळ जाऊन, चेहऱ्यासमोर येऊन, ‘ऐकू येत असेल तर वर पाहा’ असे सांगावे आणि दहा-पंधरा सेकंद थांबावे. डावी-उजवीकडे पाहायला सांगू नये, कारण नेमकी तीच हालचाल या इजेत जाते. उत्तर योगायोगाने आले नाही ना, हे पाहण्यासाठी ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत असे प्रश्न विचारावेत: ‘आपण नाशिकला राहतो का?’, ‘तुमच्या मुलाचे नाव अमुक आहे का?’ खात्री पटली की वर पाहणे म्हणजे ‘हो’ आणि पापणी दोनदा मिटणे म्हणजे ‘नाही’, असे ठरवून पलंगाच्या डोक्याशी कागद लावावा, म्हणजे प्रत्येक पाळीच्या नर्सला ते कळेल.

पुढची पायरी म्हणजे अक्षरफलक, आणि या कामी आपली वर्णमाला फार सोयीची आहे, कारण ती मुळातच ओळींत बसवलेली आहे. जाड पुठ्ठ्यावर पहिली ओळ स्वरांची, मग क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी आणि शेवटी य ते ज्ञ. मदतनीसाने आधी ओळीचा क्रमांक विचारावा, ‘पहिली? दुसरी? तिसरी?’, आणि रुग्णाने वर पाहिले की त्या ओळीतली अक्षरे एकेक करून बोट ठेवत वाचावीत. काना, मात्रा, वेलांट्या मागू नयेत. ‘प’ आणि ‘ण’ एवढ्यावरून पाणी कळते. शब्द अर्धा झाला की आपला अंदाज बोलून पाहावा, पण उत्तराची वाट न पाहता तो लादू नये. दहा मिनिटांत रुग्ण थकतो, म्हणून रोज लागणाऱ्या गोष्टींचा वेगळा फलक असावा: दुखते आहे, कूस बदला, कफ काढा, डायपर, थंडी, पंखा. मी हे हालचालीच्या मार्गदर्शनात मुद्दाम सांगतो आहे, कारण ज्याला दुखणे सांगता येत नाही त्याला व्यायामात सहकार्य करणे शक्य नसते. आणि हो, बिल किती झाले याची चर्चा पलंगाशेजारी उभे राहून करू नये.

गिळणे सांभाळले नाही तर चालणे लांबते

मस्तिष्कस्तंभाच्या झटक्यात गिळण्याचे स्नायू आणि खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया, दोन्ही कमकुवत होऊ शकतात. तेव्हा अन्न किंवा लाळ ठसका न लागताच फुप्फुसात उतरते, न्यूमोनिया होतो आणि व्यायामाचे मोलाचे आठवडे तापात जातात. ठसका लागत नाही म्हणजे गिळणे ठीक आहे, असे म्हणूनच मानू नये. स्पीच थेरपिस्टने तपासून सांगेपर्यंत तोंडाने काहीही, तीर्थ किंवा अंगारासुद्धा, देऊ नये. अन्न रायल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, जात असताना डोके निदान ३० अंश वर ठेवावे आणि तोंड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करावे, कारण नळीवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात बहुधा तोंडातलेच जंतू जातात.

तोंडाने देण्याची परवानगी मिळाल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते की सर्वांत अवघड पदार्थ पाणी ठरते, कारण ते वेगाने सरकते. घट्ट पेज, मऊ शिजवून घोटलेला मुगाच्या डाळीचा भात, घट्ट दही हे सोपे. दुधातले पोहे, भाजीचे तुकडे असलेले सार, चहात बुडवलेले बिस्कीट हे घन आणि पातळ एकत्र असलेले प्रकार अवघड. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे पूर्ण वर्ज्य. घास देताना रुग्ण ताठ बसलेला असावा, टीव्ही बंद असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

बसणे आणि उठून उभे राहणे

चालण्याची घाई सर्वांनाच असते, पण पाया धडाचा असतो. पलंगाच्या कडेला, पाय जमिनीला पूर्ण टेकवून, आधार न घेता बसता येणे हा पहिला टप्पा आहे. घरातला दिवाण किंवा कॉट बहुधा खूप उंच किंवा खूप बुटकी असते. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहतील एवढी उंची हवी आणि गादी मऊ नको. मदत करणाऱ्याने समोरून दोन्ही हात धरून ठेवू नयेत, त्याने रुग्ण मागे रेलायला शिकतो. शेजारी बसून कमरेला आधार द्यावा आणि समोरच्या स्टुलावर ठेवलेला पेला थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, थोडा दूर सरकवत त्याच्याकडे हात नेण्यास सांगावे. हात पोचला नाही तरी चालेल; धड त्या दिशेने वळून पुन्हा मध्यावर येते, तो व्यायाम.

उठून उभे राहणे हा माझ्या मते घरी करता येण्यासारखा सर्वांत किफायतशीर व्यायाम आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. हात टेकायला दांडे असलेली, कडक बैठकीची, न सरकणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवावी. रुग्णाने पुढे सरकून बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर यावे. पावले खांद्याच्या रुंदीएवढी दूर आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्याव्यात. बहुतेकांचे उठणे इथेच अडते, कारण पाय पुढे पसरून कोणालाच, अगदी निरोगी माणसालाही, उठता येत नाही. मग धड पुढे झुकवावे, इतके की नाक पायाच्या बोटांच्या रेषेवर यावे. मदतनीसाला वाटते की रुग्ण पुढे पडेल, म्हणून तो छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलतो आणि उठणे अशक्य करून ठेवतो. त्याने जास्त दुबळ्या बाजूला उभे राहावे, एक हात कमरेच्या पट्ट्याला धरावा, दुसरा त्या बाजूच्या गुडघ्यासमोर ठेवावा, म्हणजे गुडघा अचानक वाकणार नाही. रुग्णाला स्वतःच्या गळ्यात हात टाकू देऊ नये; दोघांचीही मान आणि पाठ जाते. उभे राहिल्यावर तीन-चार श्वास थांबावे आणि मग सावकाश, चार अंक मोजत, खाली बसावे. धपकन बसू देऊ नये, कारण सावकाश खाली येताना मांडीच्या स्नायूंचे जे काम होते ते वर जाण्याइतकेच मोलाचे असते.

जमत नसेल तर जोर लावून उठवण्याऐवजी बैठक उंच करावी: घडी घातलेली सतरंजी किंवा कडक गादीचा तुकडा ठेवून. सहज जमू लागले की एकेक घडी कमी करावी. एका वेळी पाच वेळा, मग विश्रांती, असे दिवसातून अनेक वेळा केले तर आठवड्याच्या अखेरीस आकडा शेकड्यांत जातो, आणि मज्जामार्ग घडतात ते या आवृत्त्यांनी. यंत्राशिवाय हे होईल का, अशी शंका असेल तर २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ४०८ रुग्णांची चाचणी लक्षात घ्यावी: वजन उचलून धरणाऱ्या पट्ट्यासह ट्रेडमिलवर चालवलेले रुग्ण आणि घरी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकद व तोलाचे व्यायाम केलेले रुग्ण, वर्षअखेर सारखेच सुधारले होते.

चालणे, तोल आणि डोळे

दुहेरी दिसत असेल तर चालण्याआधी त्याचा बंदोबस्त करावा. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने एका डोळ्यावर पट्टी बांधून किंवा चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून दुसरी प्रतिमा घालवता येते. तज्ज्ञांनी तसे सांगितल्यास बाजू आलटूनपालटून बदलावी. एका डोळ्याने पाहताना वस्तू किती जवळ वा दूर आहे याचा अंदाज कमी येतो, त्यामुळे जिना उतरताना कोणी तरी पुढे असावे. चेहऱ्याच्या लकव्यामुळे एखादा डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा थेंब आणि रात्री पापणी चिकटपट्टीने बंद करणे गरजेचे आहे. बुबुळाला जखम झाली तर नजर जाते आणि तोल आणखी ढासळतो.

समन्वयाचा दोष असलेल्या रुग्णाला जास्त वजनाचे व्यायाम नको असतात, नेमकेपणाचे हवे असतात. फ्रेंकेल या स्विस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच आजारासाठी बसवलेली पद्धत इथे अजूनही वापरली जाते. पाठीवर निजून एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सावकाश सरकवणे, नजर पायावर ठेवून आणि मोठ्याने अंक मोजत. बसल्यावर जमिनीवरच्या लाद्यांच्या रेषांवर टाच नेमकी टेकवणे. मग उभे राहून त्याच रेषांच्या दोन बाजूंना पावले टाकणे. इथे सावकाश करणे हे वेगाने करण्यापेक्षा कठीण असते, त्यामुळे ‘आज पटापट झाले’ म्हणून खूश होऊ नये. पावले थोडी फाकून चालण्याला हरकत नाही. सुरुवातीला तेच सुरक्षित असते. वॉकर हलका असण्यापेक्षा किंचित जड असेल तर अशा रुग्णाच्या हातात तो स्थिर राहतो, पण निवड थेरपिस्टनेच करावी. पाऊल लोंबत असेल तर बुटात घालायचा प्लास्टिकचा आधार मिळतो आणि तो वापरण्यात कमीपणा काही नाही.

घराच्या बाबतीत थोडक्यात: मागे पट्टा नसलेली चप्पल बंद, फरशी पुसल्यावर वाळेपर्यंत चालणे बंद, उंबरठ्याच्या कडेला रंगीत पट्टी, पायपुसणी उचलून ठेवावीत, भारतीय पद्धतीच्या शौचालयावर कमोडची खुर्ची आणि भिंतीला पकडायला दांडा. जमिनीवर बसून जेवण्याचा हट्ट रुग्णाने धरला तरी उठण्याची तयारी झाल्याशिवाय तो पुरवू नये.

हात

हाताची सुधारणा पायापेक्षा उशिरा आणि अपुरी होते, हे बहुधा खरे आहे. धडधाकट हात बांधून ठेवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत २००६ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत उपयोगी ठरली, पण त्यात मनगट आणि बोटे थोडी तरी स्वतःहून उघडणारेच रुग्ण घेतले होते. ज्याचे दोन्ही हात दुबळे आहेत किंवा ज्याला तोलासाठी तो चांगला हात लागतो, त्याच्यावर हा प्रयोग घरच्या घरी करू नये. त्याऐवजी खरी कामे द्यावीत: वाटीतले पावटे दुसऱ्या वाटीत टाकणे, ताटातले तांदूळ निवडणे, दोरीला कपड्याचे चिमटे लावणे, चादरीची घडी घालण्यात एक टोक धरणे.

स्पंजचा चेंडू दाबत राहण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक पाहुणा देतो. बहुतेकांना मूठ मिटणे जमते, उघडणे जमत नाही. चेंडू जे येते त्याचाच सराव घडवतो. काही आठवड्यांनी हात-पाय कडक होऊ लागले तर ओढून सरळ करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनी कडकपणा कमी होतो, पण सुस्तीही येते. मोजक्याच स्नायूंत अडचण असेल तर स्नायू सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन हा पर्याय असतो.

काय टाळावे

हलक्या हाताने तेल लावण्याने रुग्णाला बरे वाटते आणि घरच्यांनाही काही केल्याचे समाधान मिळते, त्याला माझी हरकत नाही. मालिशने ताकद येत नाही, एवढे ध्यानात ठेवून व्यायामाचा वेळ तिच्यात घालवू नये. एका पोटरीला सूज, उष्णता किंवा दुखणे असेल तर मात्र तिथे हातही लावू नये. शिरेत गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती फुप्फुसाकडे सुटू शकते. छताला दोरी-कप्पी टांगून लुळा हात वर ओढण्याची पद्धत अनेक घरांत दिसते; तिने खांदेदुखी वाढते, ती काढून टाकावी.

स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) नावाने मोठ्या रकमा मागणाऱ्यांपासून दूर राहावे. भारतातच पाच केंद्रांवर १२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देऊन काहीही फायदा आढळला नाही. फ्लुओक्सेटिन या गोळीने हालचाल वाढते अशी आशा २०११ मध्ये निर्माण झाली होती. पुढे तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ती फोल ठरली आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. नैराश्यासाठी किंवा अनावर रडण्यासाठी डॉक्टरांनी ही किंवा अशी गोळी दिली असेल तर ती गोष्ट निराळी, ती मनाने बंद करू नये. अनावर रडणे वा हसणे हे पॉन्सच्या इजेत वारंवार दिसते: नातवाला पाहताच हुंदके, बातम्या ऐकताना हसू. तो मनाचा कमकुवतपणा नसतो. विषय बदलावा, एक दीर्घ श्वास घ्यायला सांगावे आणि व्यायाम पुढे चालू ठेवावा.

घरी आल्यावरची व्यवस्था

घरच्यांनीच व्यायाम शिकून घेतले की थेरपिस्टची गरज संपते, असा हिशोब अनेकजण खर्चामुळे करतात. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कुटुंबीयांना पुनर्वसनाचे खास प्रशिक्षण देऊनही सहा महिन्यांनंतरच्या परिणामात फरक पडला नाही. प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. यावरून घरच्यांची मेहनत व्यर्थ ठरत नाही, पण तिला तज्ज्ञाची जागा देता येत नाही हे कळते. रोज थेरपिस्ट परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा बोलवावा, आठवड्याचा कार्यक्रम लिहून घ्यावा आणि दर आठवड्याला त्याच खुर्चीवरून उठण्याचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन त्यांना दाखवावा. सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपी विभाग आणि मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे कमी खर्चाचे पर्याय आहेत. अपंगत्व राहिले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढावे. अनेक सवलती त्यावर अवलंबून असतात.

व्यायामाच्या वेळा रुग्ण ताजातवाना असताना, म्हणजे बहुधा सकाळी, आणि लहान तुकड्यांत ठेवाव्यात. या झटक्यानंतरचा थकवा खरा असतो. तासभर रेटून दुसरा दिवस गमावण्यापेक्षा वीस मिनिटे तीनदा बरी.

औषधे हा हालचालीचाच भाग समजावा. आशियाई रुग्णांत मेंदूच्या आतील धमनीच अरुंद झालेली आढळण्याचे प्रमाण जास्त असते, आणि गुठळी काढताना काहींची धमनी फुग्याने रुंद करावी लागते किंवा तिच्यात स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, बसवावी लागते. अशा रुग्णाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी एक जरी दात काढायचा म्हणून किंवा पित्त होते म्हणून परस्पर बंद केली, तर धमनी पुन्हा बंद होऊ शकते. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंट आहे की नाही आणि कोणती गोळी किती महिने घ्यायची, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवण्याची लक्षणे म्हणजे ताप, जेवताना नव्याने सुरू झालेला खोकला, एका पायाची सूज आणि वाढत जाणारी सुस्ती. अचानक गरगरणे, दुहेरी दिसणे, बोलणे जड होणे, हातापायाची ताकद जाणे, तोल जाणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर ‘विश्रांती घेतली की बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. १०८ वर फोन करावा आणि थ्रोम्बेक्टॉमीची सोय असलेल्या रुग्णालयात नेण्यास सांगावे. सोबत जुनी फाइल, सध्याच्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेली वेळ द्यावी: रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला होता. लक्षणे केव्हा कोणाच्या नजरेस आली यापेक्षा तिथले डॉक्टर आधी हीच वेळ विचारतील.